पाचोळा जाळणाऱ्यांना आमचे काही प्रश्न

हिवाळा सरत आला, आंब्या-फणसाचा आणि बदामाचा जुना पाला गळू लागला, की वसईच्या गावागावांतून सकाळ-संध्याकाळ एक निळसर धूर उठू लागतो. अंगण झाडावे, पाला कोपऱ्यात लोटावा, त्यावर घरातली रद्दी आणि दुधाच्या रिकाम्या पिशव्या टाकाव्यात आणि काडी ओढावी, हा क्रम आपल्या इतका अंगवळणी पडला आहे, की त्यात काही वावगे आहे असे कोणाच्या मनातही येत नाही. उलट, ज्याचे आवार लख्ख तो माणूस नीटनेटका, असा त्याचा लौकिक होतो. चर्चचे आवार, शाळेचे मैदान, दफनभूमी, सगळीकडे हीच रीत. पुढे पावसाळा आला की त्याच आवारात वृक्षारोपणाचा समारंभ होतो. पाहुणे येतात, रोपाभोवती उभे राहून छायाचित्रे काढली जातात आणि पृथ्वी वाचवण्याच्या शपथा घेतल्या जातात.

हा विरोधाभास आम्हांला क्षुल्लक वाटत नाही. ज्या हातांनी जुलैत रोप लावले, तेच हात फेब्रुवारीत त्या रोपाच्या तोंडचा घास जाळून टाकतात. आमचे म्हणणे आम्ही आरंभीच स्पष्ट सांगतो. सृष्टीचा सारा व्यवहार घेतलेले परत करण्यावर चालतो. पाचोळा जाळणे म्हणजे ही परतफेड नाकारणे होय. आणि जो परतफेड नाकारतो, त्याच्या वृक्षारोपणाला पर्यावरणप्रेम म्हणण्यास आम्ही तयार नाही. हे विधान काहींना कठोर वाटेल. म्हणून त्यामागचा हिशेब मांडणे आमचे कर्तव्य ठरते.

कर्बाचे दोन व्यवहार

झाडाचे खोड कशाचे बनते, असे विचारले तर बहुतेक जण 'मातीचे' असे उत्तर देतील. सतराव्या शतकात यान बाप्टिस्ट व्हान हेल्मॉंट या संशोधकाने या समजुतीची परीक्षा घेतली. त्याने २०० पौंड वाळलेल्या मातीत वाळुंजाचे रोप लावले आणि पाच वर्षे त्याला केवळ पाणी घातले. झाडाचे वजन १६४ पौंडांनी वाढले. मातीचे वजन मात्र जेमतेम दोन औंस घटले. झाड पाण्याचे बनले, असा निष्कर्ष त्याने काढला. तो अपुरा होता. कोरड्या लाकडाचे जवळजवळ निम्मे वजन कर्बाचे असते आणि तो कर्ब झाडाने हवेतील कर्बवायूतून, म्हणजे कार्बन डायऑक्साइडमधून, सूर्यप्रकाशाच्या बळावर मिळवलेला असतो. पण ते दोन औंसही विसरू नयेत. त्यांच्याकडे आम्ही पुढे वळणार आहोत.

जमिनीवरील वनस्पती दरवर्षी सुमारे १२० अब्ज टन कर्ब हवेतून घेतात आणि जवळजवळ तेवढाच कर्ब त्यांच्या श्वसनातून, प्राण्यांच्या श्वासातून आणि कुजण्यातून हवेत परततो. समुद्र आणि हवा यांच्यातही अशीच मोठी देवघेव सतत चालते. या आकड्यांचा आधार घेऊन काही सुशिक्षित मंडळी म्हणतात, ''निसर्गच इतका कर्बवायू सोडतो, तेथे माणसाच्या दहा अब्ज टनांचे काय मोठेसे?'' पतपेढीचे साधे खातेपुस्तक ठाऊक असलेल्या माणसाला या युक्तिवादातील खोट लगेच कळावी. एका खात्यात वर्षाला १२० रुपये येतात आणि १२० जातात. शिल्लक जागच्या जागी राहते. कोणी दरवर्षी बाहेरून दहा रुपये त्यात टाकू लागला, तर शिल्लक वाढतच जाणार. कोळसा, पेट्रोल आणि नैसर्गिक वायू यांतील कर्ब असा बाहेरचा आहे. आपल्या देशाचा बहुतेक कोळसा पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या वनस्पतींचा आहे. चालू व्यवहारातून तो केव्हाच बाद झाला होता. आपण तो उकरून परत व्यवहारात आणला.

शिल्लक किती वाढली, हेही मोजलेले आहे. यंत्रयुगाच्या आधी हवेच्या दर दहा लाख भागांत कर्बवायूचे सुमारे २८० भाग होते. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर मोजणी सुरू केली, तेव्हा ते सुमारे ३१५ होते. २०२४ साली त्यांनी ४२० चा आकडा ओलांडलेला होता. आपण सोडतो त्यातील साधारण निम्मा कर्बवायू समुद्र आणि अरण्ये मुकाट्याने पोटात घेतात म्हणून. एरवी हा आकडा कितीतरी मोठा असता.

आता आपल्या वृक्षारोपणाचा हिशेब पाहू. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कर्बवायू निघतो. स्कूटरची पाच लिटरची टाकी म्हणजे साडेअकरा किलो. त्यातला निव्वळ कर्ब तीन किलोंहून थोडा अधिक भरतो आणि तो बांधून ठेवायचा तर कोठेतरी सव्वासहा किलो कोरडे लाकूड तयार व्हावे लागते. आठवड्याला एक टाकी संपवणाऱ्या माणसामागे वर्षाला सव्वातीनशे किलो लाकूड वाढले पाहिजे, आणि वाढून तसेच टिकलेही पाहिजे. जुलैत लावलेले वीतभर रोप हे ओझे उचलील, अशी अपेक्षा करणे म्हणजे तान्ह्या मुलाच्या नावावर बापाने कर्ज काढण्यासारखे आहे.

'कुजले तरी हवेतच जाते ना?'

येथे एक आक्षेप येतो आणि तो विचारी माणसाचा आहे, म्हणून त्याला टाळणे योग्य नव्हे. पाला जाळला काय आणि कुजवला काय, त्यातील बहुतेक कर्ब शेवटी हवेतच जाणार; मग काडी लावणाऱ्यावर एवढा राग का? या आक्षेपातील पहिला भाग खरा आहे. कुजणे म्हणजे एका परीने मंद ज्वलनच. पण दोन्हींमध्ये, वाटेत काय घडते याचा फरक आहे. जाळलेल्या पाल्याची ऊर्जा पाच मिनिटांत धुरावाटे निघून जाते. तिच्यावर कोणाचेही पोट भरत नाही. कुजणाऱ्या पाल्यावर गांडुळे, वाळवी, बुरशी आणि कोट्यवधी जिवाणू महिनोन्‌महिने जगतात. त्यांच्या जगण्यातून माती भुसभुशीत होते, पावसाचे पाणी तिच्यात मुरते आणि कर्बाचा एक भाग काळपट ह्यूमसच्या रूपाने वर्षानुवर्षे तेथेच राहतो. जगातील मातीत जो सेंद्रिय कर्ब साठला आहे, तो हवेतील कर्बाहून बराच अधिक आहे. तो साठा असाच, पानापानाने जमलेला आहे. ज्या वाडीत पाला कुजतो तेथील माती एप्रिलमध्येही हाताला गार लागते. ज्या वाडीत तो जळतो तेथील माती भाजलेल्या विटेसारखी होते. हा फरक शेतकऱ्याला प्रयोगशाळेत जाऊन शिकावा लागत नाही.

खाडीकाठच्या तिवरांतही हीच गोष्ट निराळ्या प्रकारे घडते. तेथील चिखलात प्राणवायू पोचत नाही, म्हणून गळलेली पाने आणि मुळे पुरती कुजत नाहीत आणि कर्ब चिखलातच कोंडून राहतो. ज्या तिवरांना 'पडीक खाजण' म्हणून हिणवून आपण भराव टाकला, ती कर्बाची कोठारे होती. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली राज्यभरातील तिवरांच्या तोडीला मनाई केली, ती उगाच नव्हे.

ते दोन औंस

व्हान हेल्मॉंटच्या कुंडीतून गेलेल्या दोन औंसांत नत्र, स्फुरद, पालाश, चुना, लोह असे अनेक पदार्थ होते. वजनाने नगण्य, पण त्यांच्यावाचून एक पानही उमलत नाही. ''राख तर खतच आहे,'' असे पाला जाळणारे आम्हांला ऐकवतात. अर्धसत्य हे असत्याहून अधिक फसवे असते. राखेत पालाश, चुना आणि थोडे स्फुरद उरते, हे खरे. पण नत्र? तो जवळजवळ सारा धुराबरोबर उडून जातो. गंधकाचाही मोठा भाग जातो. उरलेली राखही आपण वाडीत पसरत नाही. ती कोपऱ्यात पडून राहते आणि पहिल्या पावसात गटारात वाहून जाते. शिवाय त्या राखेत प्लास्टिकची वितळलेली गुठळी असेल, तर तिला खत म्हणणे ही मातीची थट्टाच आहे.

नत्राची कथा मोठी विलक्षण आहे. हवेचा ७८ टक्के भाग नत्राचा असूनही झाडे नत्रावाचून उपाशी राहतात. कारण हवेतील नत्राचे अणू जोडीने एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की झाडाला ते सुटत नाहीत. ती जोडी फोडण्याचे सामर्थ्य विजेच्या लोळात आहे आणि काही सूक्ष्म जिवाणूंत आहे. वाल, तूर, मूग, चवळी यांच्या मुळांवरील गाठींत हे जिवाणू वस्तीला असतात. भातानंतर त्याच शेतात वाल टाकणाऱ्या आपल्या पूर्वजांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, परंतु वालानंतर शेत सुधारते हे ठाऊक होते. १९०९ साली फ्रिट्‌झ हाबर या जर्मन शास्त्रज्ञाने प्रचंड दाब आणि उष्णता वापरून तीच जोडी यंत्रात फोडून दाखवली. १९१३ पासून कार्ल बॉश यांच्या प्रयत्नांनी त्याचा कारखाना चालू झाला. आज जगातील जवळजवळ निम्मी माणसे या कारखानी नत्रावर पिकलेले अन्न खातात, असा अंदाज आहे. म्हणून रासायनिक खताला सरसकट शिव्या देणाऱ्यांत आम्ही नाही. भुकेल्यांच्या ताटातील अन्नाला नावे ठेवण्याचा अधिकार पोटभर जेवलेल्यांना नसतो.

आमचा प्रश्न निराळा आहे. शंभर किलो वाळल्या पाल्यात साधारण अर्धा ते एक किलो नत्र असतो. तो आपण फुकट धुरात घालवतो आणि नंतर दुकानातून युरियाची गोणी आणतो. युरिया कशापासून होतो? आपल्या देशात तो मुख्यत्वे नैसर्गिक वायूपासून होतो आणि त्या वायूचा मोठा भाग परदेशातून जहाजांनी येतो. म्हणजे एका काडीने आपण घरचा नत्र उडवला आणि तो भरून काढण्यासाठी जमिनीखालचा जुना कर्ब हवेत सोडला. वर त्या युरियातील मोठा वाटा पिकाला मिळतच नाही. काही हवेत जातो, काही विहिरीच्या पाण्यात उतरतो. याला व्यवहार म्हणावे की दिवाळखोरी?

स्फुरदाचे दुखणे तर अधिक गंभीर आहे. नत्राला निदान हवेतून परत येण्याची वाट आहे. स्फुरदाला ती नाही. तो खडकातून मातीत, मातीतून पिकात, पिकातून आपल्यात येतो आणि एकदा समुद्रतळाशी गेला की माणसाच्या काळगणनेत परत येत नाही. जगातील ज्ञात स्फुरद-खडकाचा फार मोठा हिस्सा मोरोक्को आणि पश्चिम सहारात आहे. आपला देश या बाबतीत बव्हंशी आयातीवर जगतो. १६६९ साली हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांड याने हे मूलद्रव्य प्रथम वेगळे केले, ते मानवी मूत्र आटवून! आपल्या शरीरातून रोज जे बाहेर पडते त्यात किती मोलाचे द्रव्य असते, याचा याहून बोलका पुरावा कोणता?

बावखलांची साक्ष

हे द्रव्य आज कोठे जाते? शौचालयातून गटारात, गटारातून नाल्यात आणि नाल्यातून खाडीत. एकोणिसाव्या शतकात लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने लंडनसारख्या शहरांना बजावले होते, की शेतातून आलेले सत्त्व तुम्ही नदीत लोटता आहात आणि शेते कंगाल करता आहात. तो इशारा आज आपल्या दारात खरा ठरला आहे. आपल्या अनेक बावखलांवर हिरवा तवंग आला आहे, जलपर्णी माजली आहे. ते पाणी 'मेले' असे आपण म्हणतो. वस्तुतः ते अतिभोजनाने आजारी पडले आहे. वाडीला हवे असलेले नत्र आणि स्फुरद तिथे जाऊन पडले, त्यावर शेवाळ माजले, शेवाळ मरून कुजताना पाण्यातला प्राणवायू संपला, मासे मेले. खत तेच, जागा चुकली. आणि मग दुर्गंधीचे निमित्त करून बावखल बुजवायचे आणि त्यावर चाळ उभी करायची!

वसईची वाडी अशी नव्हती. केळीचा घड उतरला की खुंट तोडून तिथेच कुजवला जाई. केळीचे पीक पालाशाचे मोठे भुकेले. बाजारात गेलेला प्रत्येक घड वाडीतील पालाश घेऊन जातो, हे त्या लोकांनी शब्दांत मांडले नसेल, पण एरंडीची पेंड आणि मासळीचे खत घालून ते वाडीचे देणे फेडत होते. मासळीचे खत म्हणजे समुद्रात गेलेले स्फुरद जाळ्यात पकडून परत जमिनीवर आणणे. तळ्याचा गाळ शेतात टाकणे म्हणजे वाहून गेलेली माती घरी आणणे. ही माणसे अडाणी नव्हती. सर ॲल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथे १९२४ ते १९३१ या काळात कुजवण्याची जी शास्त्रशुद्ध पद्धत बसवली, तिचे धडे त्यांनी भारतीय शेतकऱ्यांकडूनही घेतले होते. यशवंत वाड या आपल्या सहकाऱ्यासह त्यांनी १९३१ साली शेतीतील टाकाऊ पदार्थांवर लिहिलेला ग्रंथ पुढे जगभर वाचला गेला. पाला, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि थोडी राख यांचे थर, त्यावर पाणी, अधूनमधून उलथापालथ. सुमारे तीन महिन्यांत खत तयार. जगाने इंदूरचे नाव घेतले आणि आपण काडेपेटी घेतली.

पळवाटा

''पाला लवकर कुजत नाही, घाण होते,'' असे एक कारण सांगितले जाते. वाळल्या पाल्यात कर्ब फार आणि नत्र थोडा असतो, म्हणून तो एकटा सावकाश कुजतो. त्यात स्वयंपाकघरातील ओला कचरा, शेण किंवा मासळीची घाण मिसळून वर मातीचा पातळ थर दिला, की कुजण्याला वेग येतो आणि वासही दबतो. ओल्याच्या तिप्पट वाळला, एवढे प्रमाण लक्षात ठेवले तरी पुरते. ''जागा नाही,'' हे दुसरे कारण. अंगणभर फरशी आणि पेव्हर ब्लॉक बसवून जागा कोणी संपवली? ज्या अंगणात मोटार उभी राहू शकते, त्या अंगणात तीन हात लांबीचा खड्डा मावत नाही, हे पटण्यासारखे नाही. ''आमच्या एका ढिगाने काय होणार?'' हे तिसरे. बावखले एकाच माणसाने एकाच रात्री बुजवलेली नाहीत.

''सरकारने करावे,'' हे शेवटचे कारण. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर बंदी घातली आणि साध्या प्रकरणी ५,००० तर मोठ्या प्रमाणावरील जाळपोळीसाठी २५,००० रुपये दंड ठरवून दिला. कायदा झाला, धूर राहिला. गेल्या शतकात हरित वसईसाठी आपले लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा विरोधक समोर दिसत होता. आजचा विरोधक आपल्याच खराट्याच्या टोकाशी उभा आहे, म्हणून तो दिसत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकाच्या २२ व्या परिच्छेदात नेमके हेच चक्र वर्णिले आहे: वनस्पती प्राण्यांना पोसतात आणि प्राण्यांची विष्ठा व अवशेष नव्या वनस्पतींना, परंतु माणसाची उत्पादनपद्धती असे परत देणे शिकलेली नाही. त्या परिपत्रकावर आपल्याकडे व्याख्याने पुष्कळ झाली. व्याख्यानानंतर चहाचे थर्माकोलचे पेले सभागृहामागे जाळले जाणार असतील, तर त्या व्याख्यानांचा उपयोग कोणाला?

राखेच्या बुधवारी कपाळावर लागणारी राख आधीच्या वर्षीच्या झावळ्यांची असते. माणूस मातीचा आहे आणि मातीला देणे लागतो, याची ती खूण आहे. वर्षभर पाला जाळण्याचा तो परवाना नव्हे.

म्हणून आमची मागणी मोजकी आहे. प्रत्येक चर्चच्या आणि शाळेच्या आवारात पावसाळ्यापूर्वी पाल्यासाठी एक खड्डा खणला जावा आणि त्या आवारात यापुढे काडी ओढली जाऊ नये. दफनभूमीतील पाला आणि वाळलेली फुले त्याच खड्ड्यात जावीत. प्लास्टिकची फुले आणि वेष्टने आत येऊच नयेत. ज्यांच्या जमिनीत बावखल अजून शिल्लक आहे त्यांनी ते बुजवण्याआधी, त्याचा गाळ काढून एक हंगाम तरी वाडीत घालून पाहावा. आणि येत्या जुलैत वृक्षारोपणाला ज्या पाहुण्यांना बोलवाल, त्यांना रोपाआधी तो खड्डा दाखवा. खड्ड्यात खत तयार असेल, तर रोप अवश्य लावा. खड्डाच नसेल, तर समारंभ पुढच्या वर्षावर ढकला. रोपाला त्याची घाई नाही.